लोखंडाच्या जिवावर

ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये चार-सहा महिने राहिलं की दोन भाव आपोआप पाठ होतात. एक लोखंडाच्या खनिजाचा, टनाला इतके डॉलर. दुसरा घरभाड्याचा, आठवड्याला इतके डॉलर. पहिला बातम्यांत सांगतात. दुसरा कुणी सांगावा लागत नाही. शाळेच्या फाटकापाशी, ऑफिसात डबा खाताना, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना, चार माणसं जमली की गाडी तिथेच येते. मी एका बांधकाम कंपनीत घरांची अंदाजपत्रकं काढते. विटा किती, सिमेंट किती, मजुरी किती, हे माझं रोजचं काम. त्यामुळे या दोन भावांची गाठ कुठे पडते ते मला जवळून दिसतं, आणि अलीकडे ते मनातून जात नाही.

पर्थच्या उत्तरेला सुमारे दीड हजार किलोमीटरवर पिल्बारा नावाचा लाल मातीचा मुलूख आहे. आकाराने महाराष्ट्राहून मोठा, वस्ती आपल्या एखाद्या तालुक्याएवढीही नाही. अडीच-अडीच किलोमीटर लांबीच्या मालगाड्या तिथलं खनिज पोर्ट हेडलंडच्या बंदरात आणतात आणि तिथून ते जहाजांनी बाहेर जातं, बहुतेक सगळं चीनला. जगात लोखंडाचं खनिज सगळ्यात जास्त विकणारा देश ऑस्ट्रेलिया. गंमत अशी, की १९३८ साली याच देशाने खनिजाच्या निर्यातीवर बंदी घातली होती. साठा तुटपुंजा आहे, आपल्यालाच पुरणार नाही, असं तेव्हा वाटत होतं. १९६० मध्ये बंदी सैल झाली, १९६६ पासून पिल्बारातून जहाजं निघू लागली. पहिली गिऱ्हाइकं जपानी होती. चीन आला तो या शतकात.

चीनला एवढं लोखंड कशाला लागलं? पूल, रेल्वे, जहाजं, सगळ्यालाच. पण फार मोठा वाटा इमारतींना गेला. खेड्यांतून शहरांत आलेल्या कोट्यवधी माणसांसाठी तिथे मनोरे उभे राहिले आणि त्यांच्या सळया इथल्या मातीतून निघाल्या. तिकडे स्थलांतर झालं, तिकडे घरं बांधली गेली, आणि त्या घरांच्या पैशाने इकडची घरं महाग केली. माझ्या कामात मी सळयांचा भाव रोज बघते, पण ही साखळी मला कळायला बरीच वर्षं गेली.

खाणीचा पैसा शहरात येतो तो आधी माणसांच्या मजुरीतून. इथे ‘फायफो’ म्हणतात ती पद्धत आहे: विमानाने खाणीवर जायचं, दोन आठवडे बारा-बारा तासांच्या पाळ्या करायच्या, आठवडाभर घरी यायचं. पहाटे पर्थच्या विमानतळावर गेलात तर नारिंगी-पिवळ्या चमकत्या शर्टांची रांगच रांग दिसते. खाणीवर डंपर चालवणाऱ्याला मिळतो तो पगार शहरातल्या घरबांधणीला झेपत नाही. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर, क्रेनवाला, सगळ्यांचं तेच. लोखंड चढलं की हे लोक उत्तरेला जातात. त्याच वेळी शहरात पैसा खेळू लागतो, माणसं येऊ लागतात, घरांची मागणी वाढते. म्हणजे ज्या घडीला घरं हवी असतात नेमक्या त्याच घडीला ती बांधणारे हात खाणीवर असतात. अर्थशास्त्रात याच्या जवळपासच्या रोगाला ‘डच आजार’ म्हणतात. नेदरलँड्समध्ये गॅस सापडल्यावर तिथले बाकीचे उद्योग कसे सुकत गेले ते पाहून १९७७ मध्ये हे नाव पडलं. ऑस्ट्रेलियात २०११ मध्ये खनिजाच्या तेजीने इथला डॉलर अमेरिकन डॉलरच्याही वर गेला होता. तेव्हा परदेशात माल विकणाऱ्या कारखान्यांचा जीव गुदमरला. २०१७ मध्ये या देशात मोटार बनवणारा शेवटचा मोठा कारखाना बंद झाला.

पर्थची आणखी एक खासियत आहे. बाकीच्या ऑस्ट्रेलियात घराचा सांगाडा बहुधा लाकडाचा असतो आणि बाहेरून विटेचा एक थर देतात. पर्थकरांना दुहेरी विटेची भिंत लागते. म्हणजे इथलं घर गवंड्यावाचून हलत नाही. जून २०२० मध्ये, कोविडच्या पहिल्या घबराटीत, केंद्र सरकारने नवीन घर बांधणाऱ्यांना २५,००० डॉलर जाहीर केले. आमच्या पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याने त्यावर २०,००० दिले. लोकांची झुंबड उडाली. करार झाले, पाये घातले गेले आणि सगळं तिथेच थबकलं. त्या काळातल्या एका जागेचं चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. काँक्रीटचा गुळगुळीत स्लॅब, त्यातून वर आलेली पांढऱ्या पाइपांची तोंडं, आत घाण जाऊ नये म्हणून त्यांना गुंडाळलेली चिकटपट्टी. कडेला प्लास्टिकमध्ये बांधलेल्या विटांच्या थप्प्या. आम्ही गेलो की त्या थप्प्या तशाच. मग प्लास्टिक उन्हाने तडकलं, विटांच्या फटीतून गवत आलं. घराचे मालक दर पंधरवड्याला गाडी घेऊन यायचे, नुसतं बघायला. त्यांच्या मुलीने स्लॅबवर खडूने खोल्या आखल्या होत्या. एका चौकोनात तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं. ते कुटुंब जुन्या घराचं भाडं आणि नव्या घराच्या कर्जावरचं व्याज, दोन्ही भरत होतं. करार ठरलेल्या रकमेचे होते, विटा-लाकडाचे भाव मात्र महिन्याला बदलत होते. कितीतरी लहान बिल्डर त्यातच बुडाले आणि लोकांची घरं अर्धी राहिली.

हे उलटंही घडतं, आणि ते लोक लवकर विसरतात. २०११-१२ च्या तेजीत पोर्ट हेडलंडमध्ये साध्या घराचं भाडं आठवड्याला दोन हजार डॉलरच्या वर गेलं होतं. खनिजाचा भाव उतरला आणि तिथल्या घरांच्या किमती धाडकन कोसळल्या. पर्थमध्येही २०१४ नंतर पाच वर्षं घरं पडूनच होती. आमच्या ओळखीतल्या काहींनी तेजीच्या टोकाला घरं घेतली होती. नोकरी गेली, घर विकलं तर कर्जही फिटेना. ते मेलबर्नला गेले, काही परत पुण्याला.

गेल्या वर्षी आमच्याकडे नाशिकचं एक जोडपं राहायला होतं. ओळखीतल्यांची मुलं, नुकतीच आलेली. तो तिकडे साइट इंजिनिअर होता, शे-दोनशे फ्लॅटच्या इमारती उभ्या केलेल्या. इथे ‘लोकल एक्स्पीरियन्स’ नाही म्हणून रात्री एका गोदामात खोकी लावत होता. ज्या शहराला घरं बांधणारी माणसं हवीत त्या शहरात घरं बांधता येणारा माणूस खोकी लावतो, हे मला रोज सकाळी तो दमून परत यायचा तेव्हा बघवत नसे. दर शनिवारी ती दोघं भाड्याची घरं बघायला जायची. मीही जायचे सोबत. ‘होम ओपन’ पंधरा मिनिटांचं असतं. फूटपाथवर रांग: कडेवर बाळ घेतलेली बाई, फायफोचा शर्ट न बदलता आलेला तरुण, साठीपुढची एक एकटी गोरी बाई, विद्यार्थ्यांचं टोळकं. एजंट टॅबवर नावं टिपून घ्यायची. आत सगळे एकमेकांना चुकवत कपाटं उघडून बघायचे. नाशिकची ती मुलगी स्वयंपाकघरात गेली की आधी नळ सोडून बघायची, पाण्याला जोर आहे का ते. एजंट तिच्याकडे बघायची, पण तिला सवय सुटत नव्हती.

एकदा परत येताना गाडीत तिने विचारलं, “ताई, आपण भारतीय म्हणून देत नाहीत का?”

मी म्हटलं, “तसं कधीच होत नाही असं मी नाही म्हणणार. पण जास्त करून तुमच्याकडे आधीच्या घरमालकाचं पत्र नाही, त्यात अडतं.”

“पण घरच मिळालं नाही तर पत्र आणायचं कुठून?”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. जुलै २०२४ पासून आमच्या राज्यात जाहिरातीतल्या भाड्यापेक्षा जास्त द्या असं एजंटने सुचवणंही बेकायदा ठरलं आणि भाडं वर्षातून एकदाच वाढवता येतं. चांगला कायदा. पण एका घरामागे वीस-पंचवीस अर्ज येत असतील, तर कायदा रांगेची शिस्त लावतो एवढंच. रांग तशीच राहते.

३१ ऑगस्ट २०२५ ला ऑस्ट्रेलियाच्या सगळ्या मोठ्या शहरांत स्थलांतरितांच्या विरोधात मोर्चे निघाले. त्यांच्या प्रचारात भारतीयांचं नाव घेऊन बोट दाखवलं होतं. आदल्या दिवशी बाबांचा फोन आला, “उद्या बाहेर पडू नकोस गं. पोरांनाही घरातच ठेव.” मी हो म्हटलं. रात्री झोप लागेना, म्हणून आकडे काढून बसले. माझी ती जुनी खोड आहे.

आकडे सगळे आपल्या बाजूचे आहेत असं मी म्हणणार नाही. २०२२-२३ या वर्षात या देशात गेलेल्यांपेक्षा आलेले पाच लाखांहून जास्त होते. पावणेतीन कोटींच्या देशात हा विक्रमी आकडा. कोविडमुळे अडलेले विद्यार्थी एकदम आले, हे खरं. तरी एवढी माणसं एका वर्षात आली की भाड्यावर ताण येणारच, आणि तो ताण सोसणाऱ्या माणसाने चिडून प्रश्न विचारला तर त्याला लगेच वंशवादी म्हणणं मला पटत नाही. रांगेतली ती साठीपुढची बाई मला आठवते. पण त्याच्याही आधीचा एक आकडा आहे. २०२० च्या मार्चमध्ये देशाच्या सीमा बंद झाल्या. २०२०-२१ मध्ये येणाऱ्यांपेक्षा जाणारे जास्त होते. आमच्या राज्याने तर मार्च २०२२ पर्यंत दार लावून घेतलं होतं, त्यातला बराच काळ सिडनीचा माणूससुद्धा आत येऊ शकत नव्हता. आणि याच काळात, एकट्या २०२१ मध्ये, देशभर घरांचे भाव २० टक्क्यांहून जास्त चढले. बाहेरून फारसं कुणी येत नव्हतं. रिझर्व्ह बँकेचा व्याजदर ०.१ टक्का होता, सरकारी अनुदानं चालू होती, आणि ज्यांच्याकडे एक घर होतं ते दुसरं घेत होते.

ते दुसरं घर घेतात, कारण कर तसा आहे. भाड्याने दिलेल्या घरावर व्याज आणि खर्च भाड्याहून जास्त झाला तर तो तोटा पगारातून वजा दाखवता येतो. इथे त्याला निगेटिव्ह गिअरिंग म्हणतात. १९८५ मध्ये ही सवलत काढली होती, १९८७ मध्ये परत दिली. १९९९ पासून वर्षभराहून जास्त ठेवलेलं असं घर विकलं तर निम्म्याच नफ्यावर कर लागू लागला. २०१९ च्या निवडणुकीत विरोधी पक्षाने या दोन्हींना कात्री लावू म्हटलं आणि तो हरला. पुढे बराच काळ हा विषय काढायला कुणी धजेना.

जमिनीखालच्या पैशाचंही तेच झालं. मे २०१० मध्ये पंतप्रधान केविन रड यांनी खाणींच्या जादा नफ्यावर ४० टक्के कर जाहीर केला. खाणवाल्यांनी कोट्यवधी डॉलरच्या जाहिराती केल्या. जूनमध्ये रड यांचं पद गेलं, त्याला आणखीही कारणं होती. त्यांच्या जागी आलेल्या ज्युलिया गिलार्ड यांनी कर पातळ करून २०१२ मध्ये आणला, २०१४ मध्ये पुढच्या सरकारने तो रद्दच केला.

नॉर्वेची गोष्ट इथे सगळेच सांगतात, पण तिच्यातला माणूस फारसा कुणी सांगत नाही. फारूक अल-कासिम हे बसऱ्याचे भूगर्भशास्त्रज्ञ. बायको नॉर्वेजियन. धाकट्या मुलाला सेरेब्रल पाल्सी होती, त्याच्या उपचारांसाठी १९६८ मध्ये इराकमधली चांगली नोकरी सोडून ते नॉर्वेला आले. ऑस्लोच्या उद्योग मंत्रालयात ते गेले ते तेल कंपन्यांची यादी मागायला, कुठे अर्ज करावा म्हणून. तिथल्या अधिकाऱ्यांना तेलातलं फारसं कळत नव्हतं. समोर उभ्या माणसाला कळत होतं. त्यांनी त्यालाच काम दिलं. १९६९ मध्ये उत्तर समुद्रात तेल लागलं, आणि देशाने हे तेल कसं हाताळावं याचा आराखडा करण्यात अल-कासिम होते. पुढे १९९० मध्ये नॉर्वेने तेलाच्या पैशाचा निधी कायद्याने बांधला. आज तो दोन लाख कोटी अमेरिकन डॉलरच्या आसपास आहे आणि त्यातून वर्षाला साधारण तीन टक्केच खर्च करायचे असा दंडक आहे. ऑस्लोतही घर स्वस्त नाही, त्यामुळे निधी केला की घरांचा प्रश्न सुटतो असं मी म्हणत नाही. माझं लक्ष त्या मंत्रालयाच्या दारापाशी अडतं. आलेल्या परक्याला त्यांनी विचारलं, तुला काय येतं? आमच्या घरातल्या नाशिकच्या पोराला ते कुणी विचारलं नाही.

आमचे शेजारी आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचे वडील युद्धानंतर इटलीहून आले आणि पिल्बारातल्या विटनूमला कामाला लागले. लोखंड नव्हे, निळा ॲस्बेस्टॉस. १९४३ ते १९६६ तिथे खाण चालली. युरोपातून नवीन आलेले लोकच जास्त, कारण त्या धुळीत इथला माणूस टिकत नसे. खाणीचा भुसा गावात रस्त्यांवर, अंगणात पसरलेला असे, पोरं त्यात खेळत. शेजारी सांगतात, वडील घरी आले की आई शर्ट बाहेरच झटकायची. त्या पगारातून डिपॉझिट साठलं आणि पर्थमध्ये जागा घेऊन त्यांनी ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांचंच घर बांधलं, तेव्हाचं गरिबाचं घर तेच. वडील पुढे ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या रोगाने गेले. विटनूममध्ये राबलेली आणि राहिलेली दोन हजारांहून जास्त माणसं त्या धुळीपायी मेली. गावाचं नाव सरकारने २००७ मध्ये नकाशावरून काढून टाकलं. शेजारी कुंपणापाशी लिंबं देता देता हे शांतपणे सांगतात. त्यांना एकदा मी विचारलं, एवढं सोसून वडिलांना काय मिळालं? ते म्हणाले, घर. चार पोरांचं शिक्षण त्या घराच्या आधाराने झालं. आज आमच्या नाशिककराला राबायची तयारी तेवढीच आहे. पण १९८१ मध्ये पंचवीस ते चौतीस वयाच्या शंभरातल्या साठांजवळ स्वतःचं घर होतं, २०१६ मध्ये ते पंचेचाळिसांवर आले. तेव्हा सरकारही घरं बांधत होतं. आता सरकारी आणि संस्थांची घरं मिळून शंभरात चारच्या आसपास.

पुढचं काय, हा विचार मला पोरांकडे बघून येतो. चीनची लोकसंख्या २०२२ पासून घटते आहे. तिथली अवाढव्य बांधकाम कंपनी एव्हरग्रँड अवसायनात काढायचा हुकूम जानेवारी २०२४ मध्ये झाला. आफ्रिकेतल्या गिनी देशातल्या सिमांडू डोंगरातली खाण २०२५ च्या शेवटी सुरू झाली. तिथलं खनिज ६५ टक्क्यांच्या आसपास लोखंडाचं, पिल्बाराहून सरस, आणि तिच्यात चिनी कंपन्यांचा मोठा हिस्सा आहे. म्हणजे आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक दुसरं दुकान शोधतंय. लोखंड उद्याच संपणार नाही. पण हा पैसा असाच येत राहील असं धरून आपण तीस वर्षांची कर्जं काढली आहेत.

आणि इथलं म्हातारपण सगळं घराच्या मालकीवर बेतलेलं आहे. पेन्शन ठरवताना राहतं घर मालमत्तेत धरत नाहीत. पगाराच्या १२ टक्के रक्कम निवृत्तीसाठी बाजूला पडते. घर फिटलेलं असेल तर या दोन्हींवर नीट भागतं. नसेल तर सत्तरीतही शनिवारी फूटपाथवर रांगेत उभं राहायचं. आज भाड्याने राहणाऱ्या तिशीतल्या माणसांची ही वेळ येणार आहे, आणि त्यात आपली मराठी मुलं असतील.

मंडळातल्या जवळच्या माणसांशीही माझा इथे वाद होतो. आपण आलो, कष्ट केले, घर घेतलं. आता त्याचा भाव वाढला की आपल्याला बरं वाटतं. त्याच तोंडाने आपण म्हणतो, पोरांना घर कसं परवडणार? माझ्या घराचा भाव पुढची पंधरा वर्षं आहे तिथेच राहावा असं मला मनापासून वाटतं, म्हणजे पगार त्याला गाठू शकतील. आमच्या भागात स्टेशनपासून पाच मिनिटांवर हजार चौरस मीटरची एक जुनी जागा आहे, मधोमध एक घर. तिथे तीन मजली नऊ घरांचा प्रस्ताव आलाय. हे शहर समुद्राच्या कडेने शंभराहून जास्त किलोमीटर पसरलंय, तरी स्टेशनाजवळ तीन मजले म्हटलं की लोकांना धास्ती वाटते. विरोधाच्या अर्जावर सह्या गोळा करत फिरणाऱ्यांत आमच्या मंडळातले एक दादाही होते. मी सही दिली नाही.

“अगं, पार्किंगचा किती त्रास होईल. आणि भाव पडले तर?” ते म्हणाले.

“पडू देत, दादा. तुमचा नातू तिथे राहू शकेल.”

ते रागावले असावेत, पण चहा घेऊनच गेले. काउन्सिलची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. बोलायला नाव दिलंय. त्या एका जागेवर एक घर बांधायचं तर किती विटा, किती मजुरी आणि किती जमीन लागते, आणि नऊ बांधायची तर दर घरामागे ते कितीवर येतं, याचा एक पानी तक्ता करून नेणार आहे. नाशिकचा पोरगा तक्त्यातली मजुरीची बाजू तपासून देतोय. त्याला ते काम माझ्याहून चांगलं येतं.